एकशे अडुसष्टचा वेग

आमच्या ड्रमरला आम्ही ठोक्या म्हणत आलो. बासष्ट वर्षांचा झाला, डोक्यावरचे केस गेले, मुलीचं लग्न होऊन नातवाचा आजोबा झाला, तरी ठोक्याच. गेल्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून त्याला बँडमधून काढलं. वय झालं, हात चालेनात, वेग झेपेना, असं कारण सांगितलं आणि पेपरांनी ते तसंच छापलं. ते कारण खोटं होतं. चौघांपैकी दोघांना ते माहीत होतं, ठोक्याला आणि मला. म्हणून हे लिहायला बसलोय. कुणी याला श्रद्धांजली समजू नये, माणूस जिवंत आहे आणि खणखणीत आहे.

ठोक्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. खाली एका खोलीत दुकान, वर दोन खोल्यांत घर. वाकडं झालेलं चाक सरळ करताना एकेक तार नखानं वाजवायची आणि जी बाकीच्यांपेक्षा खाली बोलते ती आवळायची, हे त्याला वडिलांनी आठव्या वर्षी शिकवलं. आम्ही बाकीचे गाणी ऐकून तयार झालो, हा चाकं ऐकून. त्यामुळे कलाकार असल्याचा माज त्याच्या अंगात कधी शिरलाच नाही. तो भरपूर आमच्या अंगात होता, त्याला वाटा मिळाला नसता.

आम्ही म्हणजे कोण तेही सांगून टाकतो. गाणारा राजे. हे त्याचं नाव नव्हे, वागणूक आहे. बेस गिटारवाला मुका, जो चाळीस वर्षांत सगळं मिळून तासभर बोलला असेल. आणि गिटारवर मी. चार पोरांनी कॉलेजात काढलेला रॉक बँड, पहिल्याच रेकॉर्डनं नाव झालं, आणि त्या नावावर आम्ही पुढची सगळी वर्षं गावोगाव हिंडलो. वर्षातले आठ महिने रस्त्यावर. गाडी ठोक्या चालवायचा. कुठल्या सभागृहाचा जिना अरुंद आहे, कुठल्या हॉटेलात सकाळी गरम पाणी येत नाही, राजेला कुठली गोळी कधी द्यायची, हे सगळं त्याच्या डोक्यात. शर्ट स्वतः धुवायचा. संध्याकाळी सहा वाजता बायकोला फोन करायचा, मग जगबुडी येवो. आम्ही त्याची टर उडवायचो. तो हसायचा आणि गाडीत हवा भरायला जायचा.

वाजवताना त्याच्या शेजारी मुठीएवढं एक यंत्र असायचं. आकडा लावला की त्यातला लाल दिवा त्या वेगानं उघडझाप करायचा. दिवा फक्त त्याला दिसायचा. तो दिव्याच्या मागे आणि आम्ही त्याच्या मागे, अशी आमची वरात चालायची. आमच्या पहिल्या रेकॉर्डवरचं सर्वांत जोरकस गाणं मिनिटाला एकशे अडुसष्ट ठोक्यांचं होतं. तेच गाणं लोकांना हवं असायचं, बाकीची ते सहन करायचे. त्याच्या मधोमध माझा गिटारचा तुकडा होता, सोळा मात्रांचा, बोटं दिसू नयेत इतका जलद. माझी सगळी प्रतिष्ठा त्या सोळा मात्रांत मावते.

तिशीत असताना आम्ही एका जुन्या, नावाजलेल्या बँडच्या आधी वाजवलं होतं. त्यांचा गायक स्टुलावर बसून गायला, दोन ओळी विसरला, गिटारवाल्यानं एक गाणं अर्ध्यात सोडलं. लोक हसले. पडद्याआडून सगळ्यांत मोठ्यानं आम्ही हसलो. परतताना गाडीत ठोक्या एकटा गप्प होता. म्हणाला, "आपलं असं होता कामा नये." मग आम्ही ठरवलं. ज्या दिवशी ते गाणं रेकॉर्डच्या वेगात वाजणार नाही, त्या दिवशी दौरे बंद. रडारड नाही, निरोपाचे सोहळे नाहीत. चौघांनी हातावर हात ठेवून तसं कबूल केलं. तिशीत असलं काहीही कबूल करता येतं.

अकरा वर्षांपूर्वी एका थंड सभागृहात सकाळी आवाजाची तपासणी चालू असताना माझ्या डाव्या हाताची बोटं उघडेनात. तो सोळा मात्रांचा तुकडा हातातून तांदूळ सांडावेत तसा सांडला. मी तारांना शिव्या घातल्या. ठोक्यानं काठ्या मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, सांधे धरलेत, हे बरं होत नाही, वाढत जातं. मी बायकोलाही सांगितलं नाही. एक मलम आणलं, सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात हात बुडवायला लागलो, आणि महिन्याभरात मंचावर बोटं पुन्हा धावायला लागली! मी इतका खूश झालो की खांद्यासाठी उत्तम आहे म्हणून त्या मलमाची सगळ्यांपाशी तारीफ केली. राजेनं गुडघ्यांना लावायला एक डबी मागून नेली.

त्यानंतर दर वर्षी घरात माझे हात बिघडत गेले. शर्टाची बटणं लागेनात, बरणीचं झाकण फिरेना. मंचावर मात्र सगळं ठीक. कला माणसाला उचलून धरते, रंगमंचावर वय गळून पडतं, असली वाक्यं मी मुलाखतींतून फेकत सुटलो. आज ती आठवली की स्वतःच्या कानाखाली वाजवाविशी वाटते.

शंका यायला हवी होती. आमचा कार्यक्रम पूर्वीपेक्षा सात-आठ मिनिटं लांबायला लागला होता. दिव्यांचं काम बघणारा माणूस कुरकुर करायचा, तर राजे म्हणाला, टाळ्या वाढल्यात. लोक लिहायचे, गाणं आता भारदस्त झालंय. आम्ही ते कौतुक समजलो. आणि आपलीच रेकॉर्ड घरी लावून ऐकणारा वाजवणारा मी तरी पाहिलेला नाही. आमच्यापैकी कुणी ती वीस वर्षांत ऐकली नव्हती.

ती ऐकवली एका रेडिओ केंद्रानं. पुढच्या वर्षीचा चाळीस गावांचा दौरा जाहीर करायला आम्ही चौघं दुपारी तिथे गेलो होतो. निवेदिका हुशार होती, आमच्या मुलींच्या वयाची. तिनं प्रेमानं जुनी रेकॉर्ड शोधून आणली होती. ते गाणं सुरू झालं आणि पाच-सहा सेकंदांत राजेनं हात वर केला. "बाई, बंद करा. तुमचं मशीन पळतंय."

सगळं थेट प्रसारित होत होतं. ती गोंधळली. काचेपलीकडच्या तंत्रज्ञानं मान हलवून मशीन बरोबर आहे असं सांगितलं. राजे ऐकेना. "मी गायलोय हे. मला नका शिकवू. आवाजही चढलाय, वेगही चढलाय. कार्टून लावल्यासारखं वाटतंय." मीही री ओढली. म्हटलं, "हे माझ्या बोटांनी वाजवलेलं आहे, इतकं पळत नाही ते." राजेच्या गळ्यासाठी आम्ही सगळी गाणी कधीच एक सूर खाली आणली होती. ते उघड होतं, सगळेच करतात. पण त्या क्षणी तेही आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. वरचा सूर आणि जादा वेग, दोन्ही एकदम ऐकलं आणि आम्ही मशीनला धरलं.

निवेदिकेनं रेकॉर्डचं पाकीट पाहिलं. "सर, यावर तीन मिनिटं चार सेकंद लिहिलंय. आणि इथे मशीनवरही तेवढाच वेळ दिसतोय." मग बिचारी मदत करायला गेली. "तुमच्या मागच्या महिन्यातल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे. त्यात हेच गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे." रेडिओवर दहा सेकंदांची शांतता किती लांब असते ते मला त्या दिवशी कळलं. ठोक्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. संध्याकाळपर्यंत त्या मुलाखतीचा तुकडा जगभर फिरला. आपलंच गाणं न ओळखणारे म्हातारे म्हणून आमची यथेच्छ नाचक्की झाली.

बाहेर, गाडी लावली होती तिथे, राजेनं ठोक्याला धरलं. "तुझा दिवा काय आकडा दाखवतो?"

"एकशे चाळीस," ठोक्या म्हणाला.

"कधीपासून?"

"अकरा वर्षं. एकदम नाही केलं. दर वर्षी दोन-तीन."

"आम्हाला न विचारता? का?"

ठोक्या गाडीच्या चाकाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. शेवटी म्हणाला, "मला झेपत नव्हतं."

अकरा वर्षं म्हणाला आणि मी मनात हिशेब मांडला. ते सभागृह, ती सकाळ, ते मलम. मलमाचा काही संबंध नव्हता. माझी बोटं सुधारलीच नव्हती. ती जितकी मंदावली तितका हा माणूस पायानं आणि काठ्यांनी आख्ख्या बँडला मागे खेचत राहिला होता, मला न सांगता, मला लाज वाटू नये म्हणून. हे सगळं मला तिथे, भर उन्हात, एका झटक्यात समजलं. आणि मी गाडीचं दार उघडून मागे जाऊन बसलो.

दोन दिवसांनी राजेच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. चौघेही. मुका त्या दिवशी आपणहून बोलला. "मग बंद करू. ठरलं होतं."

राजे उसळला. "ठरलं होतं ते चौघांचं होतं! इथे एकाला जमत नाहीये. एकासाठी चाळीस गावं रद्द करायची?" मग तो माझ्याकडे वळला. "तुला जमतं ना रे, रेकॉर्डच्या वेगात?"

ठोक्या माझ्या समोरच बसला होता. टेबलाखाली माझी बोटं एकमेकांत अडकवून ठेवलेली होती, कारण मोकळी सोडली की ती वाकडी दिसतात. एवढंच म्हणायचं होतं, की नाही जमत, अकरा वर्षं जमत नाही, याचा काही दोष नाही. मग बंद झालं असतं सगळं. सन्मानानं, ठरल्याप्रमाणे, चौघांचं मिळून.

"जमतं," मी म्हटलं.

का म्हटलं हे लोकांनी विचारण्याआधी मीच सांगतो. मी भ्यालो. चाळीस वर्षं, दर वर्षी आठ महिने बाहेर राहिलेल्या माणसाला घरात जागा नसते. बायकोचा दिवस माझ्याशिवाय नीट बसलेला आहे. मी चार दिवस जास्त राहिलो की ती विचारते, आता कधी निघायचंय. मुलगी फोनवर माझी तब्येत विचारते आणि मग, आई आहे का, म्हणते. मंचावर गेलो की तीन हजार माणसं उभी राहतात. त्या तीन हजार माणसांसाठी मी एका माणसाला विकलं, यापलीकडे त्यात काही खोल नाही.

राजे म्हणाला, दुसरा ड्रमर घेऊ, हात वर करा. त्याचा गेला, माझा गेला. मुक्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि शेवटी त्याचाही हात गेला. ठोक्या एकदाही चिडला नाही. "ठीक आहे," म्हणाला. आपला चहाचा कप उचलून आत नेला, विसळून पालथा घातला आणि चपला घालून गेला.

नवा ड्रमर चाळिशीचा, चष्मेवाला, कामाशी काम ठेवणारा. पहिल्याच सरावाला त्यानं एकशे अडुसष्ट आकडा लावला, कारण तो आमची रेकॉर्ड ऐकून आला होता, प्रामाणिक माणसासारखा. राजेचे अर्धे शब्द तोंडातच राहिले. माझा तुकडा आला आणि चौथ्या मात्रेला मी पडलो. पुन्हा केलं. पुन्हा चौथ्या मात्रेला. तिसऱ्यांदा मी सुरूच केलं नाही. मुका बेस खांद्यावरून उतरवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. राजे पाण्याची बाटली उघडत होता, बराच वेळ उघडत होता. त्यालाही तेव्हा समजलं असणार. मुक्याला तर बहुतेक आधीच समजलं होतं. पण बोललं कुणी नाही, कारण आता बोलायचं म्हणजे ठोक्याच्या घरी जाऊन बोलावं लागलं असतं.

नव्या ड्रमरनं नम्रपणे विचारलं, "कितीवर ठेवू, सर?"

राजे माझ्याकडे बघेना. उत्तर मलाच द्यावं लागलं. "एकशे चाळीस."

दौऱ्याला निघायच्या आदल्या आठवड्यात मी ठोक्याकडे गेलो. सकाळी दहाची वेळ. खाली दुकानात आता त्याचा भाचा बसतो. जिना चढताना वरून ड्रमचा आवाज आला आणि मी मधल्याच पायरीवर थांबलो. तेच गाणं. एकट्या ड्रमचं, पण ओळखू येत होतं. आणि वेग तोच, रेडिओवर ऐकला तो. एक ठोका इकडचा तिकडे होत नव्हता. मी कठड्याला धरून ते शेवटपर्यंत ऐकलं. तीन मिनिटं चार सेकंदच झाली असणार, घड्याळ बघायची गरज नव्हती.

वहिनींनी दार उघडलं. कायम हसून बोलणारी बाई, पण त्या दिवशी दारातच उभी राहिली. "या, भावजी. ऐकलंत ना? हात चालत नाहीत ते हेच."

मी मान खाली घातली.

"रोज सकाळी अर्धा तास असंच वाजवतात," त्या म्हणाल्या. "शेजारी तक्रार करतात. मी म्हणते करू देत. पेपरात आलं तेव्हा लेकीनं सासरहून फोन करून विचारलं, बाबांना काय झालंय, लकवा वगैरे आहे का. काय सांगू मी तिला?" एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. चहा विचारला नाही. माझ्या ओळखीत पहिल्यांदा.

ठोक्या घाम पुसत बाहेर आला आणि समोर बसला. मी हवापाण्याचं काहीतरी बोललो. त्यानं मध्येच तोडलं. "कितीवर ठेवलंय?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. जमलं नाही. "एकशे चाळीस."

तो हसला, पण ते हसू मला आवडलं नाही. "वाटलंच."

"मी राजेला सांगतो सगळं," मी म्हटलं. "पेपरातही देतो. आजच. तुझं काही चुकलं नव्हतं, माझ्यामुळे..."

"आता नको."

"अरे, पण..."

"आता नको म्हटलं ना." चाळीस वर्षांत त्याचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. "त्या दिवशी गाडीपाशी मी थांबलो होतो. राजेनं का म्हणून विचारलं ना, त्यानंतर. तू बोलशील म्हणून थांबलो होतो. मग म्हटलं, गडबडला असेल, बोलेल घरी गेल्यावर. तर राजेनं तुला माझ्यादेखत, तोंडावर विचारलं." त्यानं हातातला पंचा घडी करून बाजूला ठेवला. "आता तू सांगशील, मोकळा होशील आणि दौऱ्यावर जाशील. मला काय मिळणार त्यातून? आणखी एक मुलाखत? मी अकरा वर्षं तुला सांभाळलं याचं मला वाईट वाटत नाही. तू मला दोन मिनिटं सांभाळलं नाहीस, त्याचं वाटतं."

मग उठला आणि पुन्हा आत गेला. ड्रम सुरू झाला. मी एकटाच काही वेळ बसून राहिलो आणि जिना उतरलो.

त्याला नको होतं म्हणून मी सांगितलं नाही, असं मी स्वतःला महिनाभर समजावलं. खरं म्हणजे तो नको म्हणाला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. तेही लिहून ठेवतो, म्हणजे काही राहायला नको.

दौरा जोरात चाललाय. काल अठ्ठाविसावं गाव झालं. एकही खुर्ची रिकामी नव्हती. रेडिओच्या त्या फजितीमुळे लोक उलट जास्त येतात. कार्यक्रमाच्या मध्यावर राजे माईक हातात घेतो आणि दिवे मंद होतात. तो सांगतो की आमचा एक भाऊ आज आमच्यात नाही, वयानं त्याचे हात थकवले, पण त्यानं मोठ्या मनानं आम्हाला पुढे जायला सांगितलं. माणसं हळहळतात, पुढच्या रांगेत कुणी डोळे पुसतं. त्या बोलण्याच्या मागे वाजवायला राजेनं मला चार सूर बसवून दिलेत. फार संथ आहेत. ते मला रोज न चुकता जमतात.